एसईसीचं फुटबॉल आणि अभ्यास : लेकीला तिकडे पाठवावं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. लेक बारावीत आहे आणि या महिन्यात नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या सेमीफायनलिस्ट यादीत तिचं नाव आलं. फायनलिस्ट झाली तर अलाबामा विद्यापीठ पूर्ण ट्यूशन फी, राहण्याचा खर्च आणि वर थोडा भत्ता देतं. घराजवळ युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जिया आहे. नवऱ्याच्या मनात टेक्सस विद्यापीठ आहे. यादी समोर ठेवली तेव्हा लक्षात आलं की तिन्ही विद्यापीठं एकाच कॉन्फरन्सची आहेत, एसईसीची, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्सची.

खेळात या कॉन्फरन्सचा दबदबा किती आहे ते इथे राहणाऱ्यांना ठाऊक आहेच. फुटबॉलमध्ये (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) २००६ ते २०१२ अशी सलग सात राष्ट्रीय विजेतेपदं, तीही चार वेगवेगळ्या विद्यापीठांनी मिळून. बेसबॉलमध्ये २०१९ ते २०२५ जेव्हा जेव्हा राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा विजेता यांचाच. २०२५च्या मार्चमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत सोळापैकी चौदा संघ गेले आणि शेवटी फ्लोरिडा जिंकलं.

माझं मत असं की जिथे शनिवारी लाखभर माणूस स्टेडियमवर लोटतं, तिथे वर्ग आणि प्रयोगशाळा यांच्या वाट्याला दुय्यम जागा येणारच. पण हे मत बाहेरून बघून झालेलं आहे. जे तिथे शिकलेत, ज्यांनी शिकवलंय, मुलं पाठवलीत, त्यांनी मोकळेपणाने लिहावं.

रानवाट

मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणता घेणार? निम्मं उत्तर त्यावर आहे.

कृष्णाकाठ

बायोकेमिस्ट्री नाहीतर केमिकल इंजिनिअरिंग. पुढे पीएचडी करायची म्हणते आहे.

पंचगंगा_तीर

कोल्हापुरातून वाचतोय. ही कॉन्फरन्स म्हणजे आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेतल्या विभागासारखं काही का? आणि विद्यापीठांना त्यातून पैसे कसे मिळतात?

सह्यकडा

@पंचगंगा, आपल्याकडे विभाग वरून ठरवून मिळतो. इथे विद्यापीठं आपापसात ठरवून गट करतात, एकमेकांशी खेळतात आणि सामन्यांचे टीव्ही हक्क एकत्र विकतात. एसईसी १९३२ साली दक्षिणेतल्या तेरा विद्यापीठांनी काढली. कार्यालय अलाबामातल्या बर्मिंगहॅमला. आज सोळा सदस्य आहेत. टेक्सस आणि ओक्लाहोमा २०२४ला आले.

आजचं वर्चस्व कळायला तीन तारखा पुरेत. १९८४ला सुप्रीम कोर्टाने ठरवलं की फुटबॉलचे टीव्ही हक्क एनसीएए ही राष्ट्रीय संस्था एकहाती विकू शकत नाही. तो खटला ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या दोन विद्यापीठांनी लढवला होता आणि आज दोन्ही एसईसीत आहेत. १९९२ला एसईसीने बारा संघांचे दोन गट पाडून कॉन्फरन्सचा स्वतंत्र अंतिम सामना सुरू केला. तोवर मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये असा सामना कुणी केला नव्हता. २०१४ला त्यांची स्वतःची टीव्ही वाहिनी आली. आता बघा, २०२३-२४ या वर्षात कॉन्फरन्सने सदस्यांना वाटलेली रक्कम ८० कोटी ८० लाख डॉलर, पूर्ण वर्ष सदस्य असलेल्या चौदा विद्यापीठांना सरासरी सव्वापाच कोटी. तिकिटं, देणग्या, टोप्या-शर्ट वेगळेच.

एवढा पैसा हाती आला की चांगला प्रशिक्षक मिळतो, त्याच्याकडे चांगली पोरं येतात, संघ जिंकतो आणि पुढचा टीव्ही करार आणखी मोठा होतो.

पंचगंगा_तीर

बापरे. आमच्या विद्यापीठाच्या मैदानावर रोलर फिरवायला माणूस मिळत नाही. वाचतोय, लिहीत राहा.

टस्कालूसाकर

कृष्णाकाठ ताई, आधी लेकीचं मनापासून अभिनंदन!

मी टस्कालूसाजवळच्या (अलाबामा विद्यापीठ याच गावात आहे) व्हान्सच्या मोटार कारखान्याच्या पुरवठा साखळीत बरीच वर्षं काम करतोय. थोरला मुलगा अलाबामा विद्यापीठातच शिकला, केमिकल इंजिनिअरिंग, नॅशनल मेरिटवरच. त्यामुळे जवळून पाहिलेलं सांगतो.

निक सेबन फुटबॉलचा प्रशिक्षक म्हणून आला जानेवारी २००७ला. तेव्हा विद्यापीठात साधारण साडेपंचवीस हजार विद्यार्थी होते. दहा वर्षांत ते अडतीस हजारांच्या वर गेले. निम्म्याहून जास्त मुलं आज बाहेरच्या राज्यांतली आहेत आणि बाहेरची मुलं राज्यातल्या मुलांच्या जवळपास तिप्पट फी भरतात. २००८च्या मंदीनंतर राज्य सरकारने उच्च शिक्षणाला कात्री लावली होती. ती भगदाडं बाहेरच्या फीने बुजवली. त्याच पैशातून नॅशनल मेरिटच्या मुलांना आमंत्रणं गेली, हुशार मुलांसाठीचं वेगळं ऑनर्स कॉलेज वाढलं, विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या इमारती उभ्या राहिल्या. फुटबॉल हा विद्यापीठाचा जाहिरात फलक आहे. इलिनॉयमधल्या पोराला अलाबामाचं नाव शनिवारच्या टीव्हीवर कळतं आणि सोमवारी तो अर्ज बघायला बसतो.

माझ्या मुलाला वर्गात दुय्यम वागणूक मिळाली नाही. दुसऱ्या वर्षापासून प्रयोगशाळेत काम मिळालं, प्राध्यापक नावाने ओळखायचे. तुमच्या आयव्ही लीगमध्ये काय मिळतं मला ठाऊक नाही, पण कर्ज नसताना पदवी हातात आली आणि पुढे चांगल्या ठिकाणी पीएचडीला गेला.

दिवेलागण

टस्कालूसाकर दादांचा अनुभव खरा आहे, पण सगळं श्रेय फुटबॉलला द्यायला माझी तयारी नाही. जॉर्जियाचंच बघा.

१९९३ला राज्याने लॉटरीच्या पैशातून होप शिष्यवृत्ती सुरू केली. बी सरासरी राखणाऱ्या मुलाची राज्यातल्या सरकारी विद्यापीठातली फी माफ. त्याआधी अटलांटातली हुशार मुलं राज्याबाहेर जायची. ती घरी राहायला लागली, जॉर्जिया विद्यापीठात प्रवेश मिळणं कठीण झालं, वर्गांचा दर्जा चढत गेला. फ्लोरिडाने १९९७ला ब्राइट फ्युचर्स आणलं, तिथेही तेच.

या काळात जॉर्जियाचं फुटबॉल कुठे होतं? १९८०ला राष्ट्रीय विजेते झाले आणि त्यानंतर थेट २०२१ला. विद्यापीठ अभ्यासात वर आलं ते नेमकं मधल्या चाळीस वर्षांत! ते काम शिष्यवृत्तीने केलं. आपण मराठी माणसं कष्टाचं श्रेय झगमगाटाला फार चटकन देऊन टाकतो, निदान इथे तरी तसं नको.

टस्कालूसाकर

मुद्दा मान्य. पण अलाबामात असली लॉटरी नाही, तिथे हुशार मुलांना आणायला दुसरं काय होतं?

टाकसाळ

यावर अर्थशास्त्रज्ञांनी बरंच काम केलंय. दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात : खेळामुळे विद्यापीठात कोण येतं, आणि आल्यावर ते काय करतं.

पहिल्याबद्दल जुनी दंतकथा डग फ्लूटीची. १९८४च्या नोव्हेंबरमध्ये त्याने शेवटच्या क्षणी लांबलचक पास टाकून बोस्टन कॉलेजला मायामीविरुद्ध जिंकून दिलं आणि अर्ज धबाधबा वाढले असं सांगतात. प्रत्यक्षात अर्ज आधीपासूनच वाढत होते. पण बर्कलीच्या मायकेल अँडरसन यांनी २०१२ साली अनेक वर्षांची सट्टाबाजारातली भाकितं वापरून अनपेक्षित विजय वेगळे काढले आणि मोजलं. फुटबॉलमधल्या यशाने अर्ज, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या आणि नव्या मुलांचे सॅट या प्रवेशपरीक्षेतले गुण खरोखरच वाढतात, असं निघालं. वाढ बेताची आहे, पण आहे.

दुसऱ्याबद्दल त्याच वर्षी ओरेगन विद्यापीठातल्या लिंडो, स्वेन्सन आणि वाडेल यांचं काम आलं. त्यांनी खेळाडू नसलेल्या साध्या विद्यार्थ्यांचे गुण पाहिले. ज्या हंगामात फुटबॉल संघ जास्त जिंकतो त्यात मुलांचे गुण मुलींच्या तुलनेत घसरतात. विद्यार्थ्यांना विचारलं तर मुलं सांगतात की संघ जिंकला की अभ्यास कमी होतो, पार्ट्या आणि पिणं वाढतं.

ओरेगन एसईसीत नाही, पण शनिवारची रात्र सगळीकडे सारखीच असते. ताई, तुमच्या प्रश्नाला यातून मिळणारं उत्तर असं : चांगली मुलं येतात आणि त्यांतल्या काहींचं लक्ष ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उडतं.

बंडूनाना

म्हणजे लेकीला निर्धास्त पाठवा, लेकाला हंगाम संपल्यावर पाठवा :)

मोरपीस

मी पुण्याहून एमएस-पीएचडीला अशाच एका विद्यापीठात आले. नाव लिहीत नाही. पाच वर्षं टीए, म्हणजे शिकवणारी सहाय्यक, म्हणून स्टॅटिस्टिक्स शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सकाळी आठच्या माझ्या तासाला फुटबॉलचे चार-पाच खेळाडू असायचे. ते पहाटे साडेपाचला वजनं उचलून आलेले असायचे. तास सुरू झाला की दहा मिनिटांत दाराच्या काचेतून खेळ विभागाचा एक माणूस डोकवायचा. हातात टॅबलेट. खेळाडू जागेवर आहेत का तेवढं टिपायचा आणि पुढच्या वर्गाकडे निघायचा. सुरुवातीला मला बरं वाटायचं की कुणीतरी लक्ष ठेवतंय. नंतर कळलं की नोंद फक्त हजेरीची आहे. मागच्या रांगेत मान टाकून झोपलेल्या मुलाचीही हजेरी लागायची.

त्यांच्यात एक मुलगा फार चांगला होता. दर बुधवारी माझ्या ऑफिस अवर्सना यायचा, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली असायची आणि प्रश्न असे विचारायचा की मलाच थांबून विचार करावा लागे. त्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं होतं. पण तिथल्या सगळ्या लॅब दुपारी दोन ते पाच आणि सरावही दुपारी दोनलाच. दोन सेमिस्टर ओढाताण केली, मग सल्लागाराने त्याला सकाळी सगळे तास असणारा विषय घेऊन दिला. त्याने पदवी घेतली. विद्यापीठाच्या आकडेवारीत तो यशस्वी विद्यार्थी म्हणून मोजला गेला. इंजिनिअर मात्र झाला नाही.

एकदा सेमिस्टर संपताना खेळ विभागातून मला फोन आला, अमुक विद्यार्थ्याला वाढीव काम देऊन गुण वर नेता येतील का. मी प्राध्यापकांकडे बोट दाखवलं. त्यांनी सगळ्या वर्गाला जे नियम तेच त्याला, असं लिहून कळवलं आणि पुन्हा फोन आला नाही. पण मी तेव्हा व्हिसावर होते, महिन्याचा पगार त्याच विभागातून यायचा. प्राध्यापक तसे नसते तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही.

सह्यकडा

मोरपीस, फार महत्त्वाचं लिहिलंत. हंगामात खेळाला आठवड्याला वीस तासच द्यायचे असा एनसीएएचा नियम १९९१पासून आहे. पण प्रवास, उपचार, 'ऐच्छिक' सराव त्यात मोजत नाहीत. फुटबॉलची मुलं प्रत्यक्षात जवळपास दुप्पट वेळ देतात, हे एनसीएएच्याच पाहण्यांत खेळाडूंनी सांगितलेलं आहे.

निळाई

सगळंच अंधारलेलं नाही हो. टेनेसीचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जोशुआ डॉब्स एरोस्पेस इंजिनिअरिंगमध्ये पैकीच्या पैकी सरासरी घेऊन २०१७ला बाहेर पडला आणि नंतर नासात जाऊन शिकूनही आला. अलाबामाचा बॅरेट जोन्स अकाउंटिंगमध्ये अव्वल होता आणि तीन राष्ट्रीय विजेत्या संघांत खेळला. ठरवलं तर होतं.

मोरपीस

होतं, आणि त्या दोघांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण डॉब्ससारख्या मुलाला जमलं म्हणून लॅबची वेळ सगळ्यांना जमते असं होत नाही. कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्यांपैकी व्यावसायिक संघात जाणारे दोन टक्केसुद्धा नसतात. उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणांना आयुष्यभर पुरणार आहे ती पदवीच. ती कुठल्या विषयाची हे सरावाच्या वेळापत्रकाने ठरवावं हे मला कधीच पटणार नाही.

गिरणगाव

मोरपीस यांनी फोनचा अनुभव लिहिला त्यावरून जॅन केम्प यांची आठवण झाली. नवीन मंडळींना माहीत नसेल म्हणून लिहितो.

त्या जॉर्जिया विद्यापीठात कच्च्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवायच्या. १९८१च्या शेवटी तिथले नऊ फुटबॉल खेळाडू त्या वर्गात नापास झाले होते. नववर्षाला न्यू ऑर्लिन्सला शुगर बोलचा मोठा सामना होता. वरच्यांनी त्या मुलांना पुढच्या वर्गात ढकललं. केम्प यांनी आवाज उठवला, तर त्यांचंच पद काढलं आणि मग नोकरीही गेली. त्यांनी कोर्टात दाद मागितली. १९८६ला ज्युरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २५ लाख डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. पुढे ती रक्कम कमी झाली, पण त्यांना नोकरी परत मिळाली आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला.

पहिल्या वर्षी खेळायला शाळेतले किमान गुण हवेत हा एनसीएएचा १९८३ला ठरलेला नियमही त्याच वर्षी लागू झाला. आज संघाची शैक्षणिक प्रगती मोजतात, हजारात नऊशे तीसच्या खाली गेलात तर राष्ट्रीय स्पर्धा बंद. कनेटिकटचा बास्केटबॉल संघ २०१३ला त्यामुळेच घरी बसला होता. ही शिस्त आपोआप आली नाही. एका शिक्षिकेने नोकरी पणाला लावली होती.

चौकट

गिरणगाव, सुंदर प्रतिसाद. पण असे घोटाळे म्हणजे एसईसीची मक्तेदारी नव्हे. सगळ्यात मोठं प्रकरण नॉर्थ कॅरोलिनाचं, चॅपल हिलचं. कॉन्फरन्स दुसरी, एसीसी म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, आणि विद्यापीठ देशातल्या उत्तम सरकारी विद्यापीठांपैकी. १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं तिथे कागदावरचे वर्ग चालले. तास नाहीत, शिक्षक नाही, शेवटी एक निबंध द्यायचा आणि ऑफिसातल्या कर्मचारी बाई गुण द्यायच्या. ३१०० विद्यार्थी त्यातून गेले, जवळपास निम्मे खेळाडू. २०१४ला चौकशी अहवाल आला. २०१७ला एनसीएएने त्या वर्गांबद्दल शिक्षा केली नाही, कारण काय, तर ते वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते!

गिरणगाव

ते कारण वाचून तेव्हा रक्त उसळलं होतं.

पंचगंगा_तीर

मुळात विद्यापीठाने हा धंदा कशाला करायचा? आमच्या कोल्हापुरात पोरगं कुस्ती खेळतं ते तालमीत, वस्ताद तिथला, खुराक तिथला. कॉलेजात ते शिकायला जातं. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात तेवढाच दोहोंचा संबंध. विद्यापीठाने पैलवानाच्या जिवावर टीव्ही करार केला असं ऐकलं तर आमचे वस्ताद काठी घेऊन निघतील.

सह्यकडा

@पंचगंगा, हाच प्रश्न इथे एका अध्यक्षांनी विचारला होता आणि उत्तरही दिलं होतं. शिकागो विद्यापीठ बिग टेन कॉन्फरन्सच्या संस्थापकांपैकी. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणारी पहिली हाइझमन ट्रॉफी १९३५ला त्यांच्याच जे बर्वँगरला मिळाली. १९३९ला अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉल बंद करून टाकलं. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ला, त्याच ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षक-सज्ज्याखाली एन्रिको फर्मी यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुविखंडनाची साखळी प्रक्रिया घडवली. नंतर १९६९ला फुटबॉल परत आलं, पण छोट्या, शिष्यवृत्ती नसलेल्या गटात. विद्यापीठाचं काही अडलं नाही.

एसईसीतूनही तीन जण बाहेर पडले. सेवनी हे टेनेसीतलं छोटं कॉलेज संस्थापक होतं, फुटबॉलमध्ये कॉन्फरन्सचा एकही सामना न जिंकता १९४०ला गेलं आणि आज उत्तम लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणून ओळखलं जातं. जॉर्जिया टेक १९६४ला गेलं, ट्युलेन १९६६ला.

निळाई

आणि राहून टिकलेलं एक आहे की, व्हँडरबिल्ट! २००३ला त्यांच्या अध्यक्षांनी वेगळा खेळ विभागच बरखास्त केला आणि खेळ विद्यार्थी-कल्याणाखाली आणला. सगळे म्हणाले आता हे बुडणार. २०१९ला बेसबॉलचे राष्ट्रीय विजेते झाले. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये फुटबॉलमध्ये पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ हरवलं आणि पोरांनी गोलपोस्ट उपटून नॅशव्हिलच्या रस्त्यांतून मिरवत नेऊन कंबरलँड नदीत टाकला. माझा भाचा त्या मिरवणुकीत होता. रात्री दोनला त्याने आईला फोन केला आणि सोमवारी त्याची ऑर्गॅनिक केमिस्ट्रीची परीक्षा होती. उत्तम गुण मिळाले त्याला.

टस्कालूसाकर

त्या दिवशी आमच्या घरी कुणी जेवलं नाही. तरी भाच्याचं अभिनंदन.

चौकट

आता पैशाच्या दुसऱ्या बाजूबद्दल. लुइझियाना स्टेट विद्यापीठाने २०१९ला फुटबॉलच्या इमारतीचं २ कोटी ८० लाख डॉलरचं नूतनीकरण केलं. प्रत्येक खेळाडूचा लॉकर असा की तो उघडला की झोपायला बिछाना होतो. त्याच आठवड्यात तिथल्या ग्रंथालयात छतातून गळणारं पाणी आणि खाली ठेवलेल्या बादल्या यांचे फोटो प्राध्यापकांनी लोकांपुढे आणले. विद्यापीठाचं म्हणणं होतं की लॉकर देणगीदारांच्या पैशातून झाले आणि ते खरंच होतं. उलट खेळ विभाग काही वर्षं दरसाल विद्यापीठाला पैसे देत होता. पण देणगीदाराला लॉकर दिसतो आणि गळकं छत दिसत नाही, ही काय कमी चिंतेची गोष्ट आहे?

आणि टेक्सस ए अँड एमने २०२३ला प्रशिक्षकाला कराराच्या मध्येच काढलं, तेव्हा त्याला न काम करण्याचे साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागलं. रुपयांत सहाशे कोटींच्या वर.

टाकसाळ

चौकट, तुमचा राग समजतो, पण मला वाटतं आपण सगळेच चुकीच्या ठिकाणी शोधतोय. एसईसीत बहुतेक खेळ विभाग स्वतःच्या कमाईवर चालतात. तिथे वर्गाचा पैसा खेळाकडे फारसा जात नाही. या वर्चस्वाची खरी किंमत एसईसीच्या बाहेरचे भरताहेत.

बघा, एसईसी आणि बिग टेन यांचे करार एवढे वाढले की बाकीच्यांना मागे पडायची धास्ती बसली. २०२२ला दक्षिण कॅलिफोर्नियातली दोन मोठी विद्यापीठं बिग टेनकडे वळली आणि २०२३पर्यंत शंभर वर्षांहून जुन्या पॅक-१२ कॉन्फरन्समधले बारापैकी दहा सदस्य पांगल्यात जमा झाले. स्टॅनफर्ड आणि बर्कली कुठे गेली? अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये! नाव अटलांटिक, मुलं पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची. तीही कमी वाटा घेऊन. म्हणजे ज्या व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिसच्या मुलींना टीव्हीचा एक पैसा मिळत नाही, त्यांनी गुरुवारी विमानाने बोस्टन किंवा मायामीला जायचं आणि सोमवारी सकाळी बर्कलीत केमिस्ट्रीच्या तासाला बसायचं. देशातल्या दोन सर्वोत्तम विद्यापीठांतल्या मुलींचा अभ्यासाचा वेळ फुटबॉलच्या करारापायी खर्ची पडतोय.

त्याहून खाली गेलात तर मध्यम सरकारी विद्यापीठं. टीव्हीचे पैसे नाहीत, पण फुटबॉल मोठं करायची हौस आहे. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याच्या फीमध्ये खेळशुल्काची ओळ असते, कुठे कुठे वर्षाला हजार डॉलरच्याही पुढे. जो मुलगा कधी स्टेडियमवर गेला नाही, दोन नोकऱ्या करून शिकतोय, तोही ते कर्ज काढून भरतो. २०२५च्या जूनमध्ये कोर्टाने खेळाडूंच्या खटल्यातला समझोता मंजूर केला, त्यानंतर विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षाला, २०२५-२६ला, २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना त्यांच्या घामाचा मोबदला मिळणं न्याय्यच आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण अलाबामा, जॉर्जिया ते पैसे तिकिटांतून काढतील. ज्यांच्याकडे तिकिटांना गिऱ्हाईक नाही ते कुठून काढणार? इतिहासाचा एखादा प्राध्यापक निवृत्त झाला की ती जागा भरणार नाहीत.

ताई, म्हणून मी सांगेन की एसईसीतल्या मोठ्या विद्यापीठात अभ्यासाला धोका कमी आहे. त्यांच्यामागे धावणाऱ्या विद्यापीठाची फीची पावती मात्र ओळ न ओळ वाचा.

दिवेलागण

टाकसाळ, धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. पॅक-१२चं दुखणं मी कधी या अंगाने पाहिलं नव्हतं.

मोरपीस

पूर्ण अनुमोदन. फक्त एक जोडते. एसईसीत पैशाची झळ नसेल, वेळेची आणि जागेची आहे. आमच्या इमारतीमागची पार्किंगची जागा सामन्याच्या शनिवारी देणगीदारांसाठी राखीव असायची. शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढली नाही तर टोचन लावून नेत. माझी रूममेट पेशींवर काम करायची, पेशींना शनिवार-रविवार कळत नाही, रोज खाद्य घालावं लागतं. सामन्याच्या दिवशी ती दोन मैल गर्दीतून चालत लॅबला जायची. गुरुवारी रात्री सामना असला तर दुपारनंतरचे वर्गच बंद.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. अख्खा धागा लेकीला वाचून दाखवला. ती म्हणाली, मग भेटीला जाताना विचारू काय? तिचाच प्रश्न इथे ठेवते.

टस्कालूसाकर

सांगतो. एक, सामन्याच्या शनिवारी जाऊ नका. त्या दिवशी कॅम्पस फार गोड दिसतं, खरं काही कळत नाही. मंगळवारी-बुधवारी जा आणि तिच्या विभागात जाऊन बसा. दोन, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून विचारा की संशोधनाला प्रयोगशाळेत जागा कधी मिळाली. तीन, शिष्यवृत्ती किती सरासरीवर टिकते आणि पाचव्या वर्षाला चालते का ते लेखी घ्या. चार, ऑनर्सचे वर्ग किती मोठे असतात ते विचारा, कारण विद्यापीठ वाढलं तसे पहिल्या वर्षाचे साधे केमिस्ट्रीचे वर्ग प्रचंड झालेत, हा फुटबॉलच्या यशाचा खरा तोटा मीही पाहिलाय. आमच्याकडे उतरायला या, वेगळं हॉटेल नको.

रानवाट

पीएचडी करायची असेल तर अजून एक. गेल्या पाच वर्षांत त्या विभागातून पदवीधर झालेली मुलं कुठे गेली याची यादी मागा. संशोधनाच्या बळावर निवडल्या जाणाऱ्या एएयू या संघटनेत एसईसीचे पाचच सदस्य आहेत : व्हँडरबिल्ट, फ्लोरिडा, मिसुरी, टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम. जॉर्जिया, अलाबामा नाहीत. म्हणून ती वाईट ठरत नाहीत, पण टेक्ससबद्दल तुमच्या यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आता पैशाचं गणित करा : टेक्ससला बाहेरच्या राज्याची फी, जॉर्जियात होप, अलाबामात सगळं माफ. वाचलेल्या पैशात उन्हाळ्यात बिनपगारी संशोधन करता येतं.

दिवेलागण

माझं मत जॉर्जिया. घर दीड तासावर, आणि अथेन्सहून, म्हणजे जॉर्जिया विद्यापीठाच्या गावाहून, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला ये-जा करणारी मुलं भरपूर आहेत.

निळाई

एक वेगळी माहिती, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं पोहतात किंवा टेनिस खेळतात. समझोत्यानंतर प्रत्येक खेळात संघात किती जण ठेवायचे याची मर्यादा आली आहे. शिष्यवृत्तीशिवाय, फक्त खेळाच्या ओढीने संघात असलेली मुलं त्यात आधी कापली जाताहेत. आमच्या क्लबमधल्या एका मुलीला कॉलेजने प्रवेशानंतर कळवलं की संघात जागा नाही. ती तिथे शिकणार आहे, बायोलॉजीच घेणार आहे, पण कॉलेज निवडलं होतं ते पोहण्यासाठी. कुणाचं मूल खेळाच्या भरवशावर कॉलेज ठरवत असेल तर प्रशिक्षकाचं तोंडी आश्वासन धरू नका, संघातल्या जागेचं लेखी पत्र मागा आणि खेळ गेला तरी तिथेच शिकायचं आहे का, हे आधी मुलाला विचारा.